उसना पाऊस

वैशाखातल्या एखाद्या दुपारी बारामतीहून माळेगाव बुद्रुककडे निघालेल्या परक्या माणसाला, कपाळावरचा घाम पुसता पुसता, दोन्ही हातांना उसाचे हिरवेगार फड आणि त्यांच्या सोबतीने संथ वाहणारा कालवा दिसू लागला, म्हणजे या गावावर वरुणराजाची काही विशेष मर्जी असावी असा त्याचा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु तो समज निखालस चुकीचा आहे. सह्याद्रीच्या भिंतीने अडवलेल्या ढगांचे पाणी तिकडेच झडून गेल्यावर जी पर्जन्यछाया पूर्वेकडे पसरते, तिच्यात बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके येतात, आणि वर्षाकाठी येथे पडणारा पाऊस अवघा ५०० ते ६०० मिलिमीटरच्या घरात असतो. तोही धड मृग-आर्द्रात पडत नाही. आषाढ-श्रावणात नुसता भुरभुरतो, शेतकऱ्याला आशेवर झुलवतो आणि उत्तरा-हस्तात, म्हणजे परतीच्या वाटेवर असताना, मनात आलेच तर चार-दोन दांडगे तडाखे देऊन निघून जातो. वैशाखात कालव्यातून वाहणारे पाणी या गावच्या आभाळाने दिलेलेच नसते. गेल्या आषाढात, शंभरेक किलोमीटर पश्चिमेस भोरच्या डोंगरात जो पाऊस कोसळला, तो धरणात कोंडून, नऊ-दहा महिने राखून, पाळीपाळीने येथवर आणलेला असतो. माळेगावची हिरवाई ही उसन्या पावसावरची हिरवाई आहे, आणि जलसंधारणाचा विचार येथे करायचा तर तो उसनवारीच्या जमाखर्चापासूनच करावा लागतो.

जमाखर्च म्हटला की आकडे आले. एका एकरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे त्या एकराच्या वाट्याला सुमारे २० लाख लिटर पाणी येते. ऐकताना हा आकडा मोठा उदार वाटतो. परंतु यातले काही वाफ होऊन उडते, काही ओढ्याने वाहून जाते आणि उरलेले जमिनीत मुरते. शिवाय हा सारा व्यवहार वर्षातल्या तीस-चाळीस पावसाळी दिवसांत, त्यातही बराचसा मोजक्या काही तासांत, आटोपतो. उलट बाजूस, सरीतून मोकाट पाणी सोडण्याच्या जुन्या रीतीने वाढवलेला ऊस वर्षाकाठी सुमारे २,००० मिलिमीटर, म्हणजे एकरी ८० लाख लिटरच्या आसपास पाणी पितो. एक एकर उसाला चार एकरांचे आभाळ लागते, आणि तेही एक थेंब वाया न जाता. हे चार एकरांचे आभाळ कोठून तरी आणावेच लागते. ज्याचे आणले त्याची आठवण ठेवणे हा पुढचा, थोडा अवघड भाग.

ते आणण्याची व्यवस्था सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या हातांना काम पुरवण्यासाठी सरकारने जी दुष्काळी कामे काढली, त्यांत नीरा डाव्या कालव्याच्या खोदाईचा समावेश होता. पुरंदर तालुक्यात वीर येथे, श्रीनाथ म्हस्कोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाजवळ, नीरेवर बंधारा घालून तेथून हा कालवा पूर्वेकडे वळवण्यात आला, आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी सुरू झाले. पावसाळ्यातले पाणी उन्हाळ्यापर्यंत राखण्यासाठी नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर भोरजवळ भाटघरचे धरण बांधले गेले. पहिले धरण अपुरे पडू लागल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांत त्याच्या जागी आजचे मोठे धरण उभे राहिले, ज्याच्या पोटात सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते. पुढे खुद्द वीर येथे धरण झाले, नीरा-देवघर झाले, गुंजवणी झाले. या साऱ्यांतून मिळणारे पाणी डावा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना, तर उजवा कालवा नीरेच्या पलीकडच्या फलटण-माळशिरसच्या अंगाला पुरवतो. डाव्याने किती घ्यावे आणि उजव्याने किती, या प्रश्नावर मुंबईच्या मंत्रालयात आजतागायत कागद फिरत आहेत. एकाच आईच्या दोन लेकरांनी ताटावरून भांडावे तसा हा प्रकार आहे आणि तो लवकर मिटेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

एवढा खर्च करून आणलेल्या पाण्याकडे आरंभीच्या वर्षांत येथल्या शेतकऱ्याने फारसे ढुंकून पाहिले नाही, ही गोष्ट आज कोणाला खरी वाटणार नाही. पाणीपट्टी भरायची, वर खताचा आणि मजुरीचा खर्च करायचा, आणि ऐन वेळी चांगला पाऊस झाला तर तो सारा पाण्यात गेला असे म्हणायचे, यापेक्षा ज्वारी पेरून आभाळाकडे पाहत बसणे त्याला शहाणपणाचे वाटे. पाऊस रुसला की मात्र सगळेच एकदम कालव्यावर धावत. या कालव्यावर उसाची पेठ बसवण्यात सासवडकडच्या माळी बागाइतदारांचा वाटा मोठा होता. खंडाने जमिनी घेऊन, रोख भांडवल घालून आणि गुऱ्हाळे चालवून त्यांनी दाखवून दिले की पाटाचे पाणी हे विम्याचे नसून व्यापाराचे पाणी आहे. याच समाजातील मंडळींनी पुढे अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना उभारला. सहकाराच्या युगात माळेगावला, शिवनगरच्या माळावर, शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस हे पीक न राहता गावाची प्रतिष्ठा झाले.

पाण्याचे खरे संधारण धरणाच्या भिंतीत जेवढे असते, तेवढेच ते वाटपाच्या शिस्तीत असते, हे फार लवकर ओळखणारा एक बुद्धिमान अभियंता या कालव्याला लाभला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या काळी मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. त्यांनी पाहिले की, उसाचे तुकडे कालव्याच्या लांबीभर विखुरलेले आहेत, चार बिघे भिजवण्यासाठी मैल-मैलभर चाऱ्या भरून वाहाव्या लागतात, त्यात पाझरून पाणी वाया जाते, आणि वरच्या अंगाचे शेतकरी तुडुंब भिजवत असताना शेपटाकडची गावे कोरडी राहतात. त्यावर त्यांनी सुचवलेली ‘ब्लॉक’ पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर अमलात आली. प्रत्येक गावात सोयीच्या जागी क्षेत्राचे गट पाडायचे, त्यांना काही वर्षांच्या मुदतीने पाण्याची हमी द्यायची, आणि गटातल्या सुमारे एक तृतीयांश जमिनीवरच ऊस घेऊन बाकीच्यावर हंगामी पिके फेरपालटाने घ्यायची, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. उसाला मर्यादा घालणारी ही कल्पना बागाइतदारांना प्रथम रुचली नाही हे सांगायला नकोच. दुसरी शिस्त शेजपाळीची. नमुना नंबर सातवर पाणी-अर्ज करायचा, पाटकऱ्याने याद्या तयार करायच्या, आणि पाळी सुटली की चारीच्या शेपटाकडच्या खातेदाराने आधी भिजवून मग क्रमाने वरच्या तोंडाकडे यायचे. दुबळ्याला आधी आणि सबळाला मागाहून, असा या नियमाचा अंतःस्थ न्याय आहे. तो कागदावर जितका सुंदर दिसतो तितका रात्री दोन वाजता, बॅटरी घेऊन दारे धरणाऱ्या माणसाला चारीवर दिसत नाही, हेही खरे. कारण वरच्या दाऱ्याला कोणी एक दगड सरकवला की शेपटाच्या सरीत नुसता ओलावा पोचतो.

आणि येथेच या कथेचे दुसरे पान उघडते. पाणी मिळाले, ते मुबलक वापरले गेले, आणि अवघ्या पंचवीस वर्षांत नीरा खोऱ्यातल्या उत्तमोत्तम काळ्या जमिनींवर पांढरी साय दिसू लागली. शेतकरी म्हणू लागले, जमीन चोपण झाली. डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर जी पुस्तिका लिहिली, ती मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केली. तो या विषयावरचा आपल्याकडील अगदी आरंभीचा शास्त्रीय अभ्यास होय. कारण समजायला कठीण नाही. काळ्या मातीचा थर पाणी धरून ठेवतो आणि खालचा मुरूम व कातळ त्याला झटकन वाट देत नाही. कालव्याचा पाझर आणि पिकाला दिलेले जादा पाणी मिळून भूजलाची पातळी वर वर चढते. ती मुळांजवळ येऊन पोचली की उन्हाने ओढ घेतलेले पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागावर येते, स्वतः उडून जाते आणि विरघळलेले क्षार मागे ठेवून जाते. पाऊस वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटरच असल्याने हे क्षार धुऊन नेणारेही कोणी नसते. तेव्हा शेतातून निचऱ्याचे चर काढणे, पाण्याच्या पाळ्या कमी करणे आणि जमिनीला विश्रांती देणे हेच उपाय उरतात. ज्या गावात पाण्याचा तुटवडा हा कायमचा विषय, त्याच गावात पाणी बाहेर काढण्यासाठी चर खणावे लागावेत, याहून मोठा उपरोध कोणता? आमच्याकडे जलसंधारण म्हणजे पाणी अडवणे एवढाच अर्थ रूढ झाला आहे. नीरेच्या काठी त्याचा अर्थ पाणी वेळेवर थांबवणे आणि वेळेवर सोडून देणे असाही आहे, आणि तो क्षारपडीने शिकवलेला आहे.

गावाच्या नावातल्या ‘बुद्रुक’चा मूळ शब्द फारसी ‘बुजुर्ग’, म्हणजे थोरले. आणि शेजारचे माळेगाव ते ‘खुर्द’, म्हणजे धाकटे. बागाईत आणि जिराईत यांचेही नाते या तालुक्यात असेच थोरल्या-धाकट्याचे झाले आहे. कालव्याच्या उत्तरेस, सुपे आणि मोरगावच्या अंगाला, जिथे पाट चढू शकत नाही, तिथे आजही मालदांडीची शाळू ज्वारी हस्ताच्या ओलीवर पेरली जाते आणि पुढे थेंबभर पाण्याशिवाय माघापर्यंत तग धरते. जलसंधारणाचे जुने शहाणपण पाहायचे असेल तर ते या धाकट्याच्या शेतात पाहावे. उतार आडवून घातलेल्या ताली, पेरणीपूर्वी जमिनीचे पाडलेले वाफे, ओल उडू नये म्हणून भेगा बुजवणारी कोळपणी, हे सारे तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे येथील म्हातारी माणसे सांगत, आणि १९३३ पासून सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रावर जे प्रयोग झाले त्यांनी या म्हणण्याला शास्त्राची पुष्टी दिली. सरकारी पातळीवर बांधबंदिस्तीला कायद्याचे बळ मुंबई सरकारच्या १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याने आले. परंतु त्याच्याही साठ वर्षे आधी, १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी सरकारला बजावले होते की, रिकामे असलेले पोलीस आणि लष्करातले लोक लावून डोंगर-टेकड्यांच्या उतारावर असे ताली-बंधारे बांधा की पावसाचे पाणी शेतांत मुरत मुरत मग नदीनाल्यास मिळेल. आजच्या पाणलोट विकासाच्या जाडजूड अहवालांत यापेक्षा निराळे काही सांगितलेले आढळत नाही.

या जिराईत पट्ट्यात पाझर तलावांचे युग आले ते साठ-सत्तरच्या दशकांतील अवर्षणांच्या पाठोपाठ. दुष्काळी कामांवर मजुरांना धान्य देऊन तलाव बांधून घेण्याचे प्रयोग बारामती तालुक्यात झाले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कामाची मुळेही याच मातीत आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेने अशा तलावांची महाराष्ट्रभर रांग लावली. पाझर तलाव साठवणुकीसाठी नसतो. त्यातले पाणी महिन्या-दोन महिन्यांत दिसेनासे झाले तर तो फुटला नाही, फळाला आला असे समजावे. कारण ते पाणी खालच्या विहिरींत जाऊन बसलेले असते. मात्र दख्खनचा कातळ लहरी आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी शिरत नाही, ते शिरते झिजलेल्या मुरमात, सांध्यांत आणि भेगांत. म्हणून तलावाची जागा भूगर्भ पाहून निवडावी लागते. ती पुढाऱ्याचे शेत पाहून निवडली गेली, तर उन्हाळ्यापर्यंत तुंबून राहिलेले, गुरांना डुंबायला सोयीचे असे एक डबके तयार होते. उघड्या पाण्यावरून वर्षभरात दीड ते दोन मीटर जाडीचा थर नुसत्या उन्हा-वाऱ्याने उडून जातो, हे लक्षात घेतले म्हणजे अशा डबक्याची किंमत कळते. प्लॅस्टिकचा कागद अंथरून, विहिरीतले पाणी उपसून भरलेल्या शेततळ्यांची गोष्टही फारशी वेगळी नाही. भूमीच्या पोटात सुरक्षित असलेले, सगळ्या शिवाराच्या मालकीचे पाणी वर काढून एकट्याच्या नावे उन्हात वाळत घालणे, याला संधारण म्हणावे की आणखी काही, याचा विचार अनुदान वाटणाऱ्यांनी जरूर करावा.

नीरेच्या पात्रात जे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांचे मर्म एका साध्या वेळापत्रकात आहे. पावसाळ्यात मोऱ्या मोकळ्या ठेवून पूर आणि गाळ दोन्ही जाऊ द्यायचे, आणि परतीचा पाऊस सरताच ढापे टाकून उरलेला प्रवाह अडवायचा. ढापे टाकायला दोन आठवडे उशीर झाला की नदी रिकामी. ते आधीच टाकले आणि मागाहून पूर आला की काठ खचला. निम्मे ढापे गंजलेले, काही चोरीला गेलेले आणि उरलेल्यांतून पाण्याच्या चिळकांड्या उडत असलेल्या, असा बंधारा पाहिला नाही असा नदीकाठचा माणूस विरळा.

या सगळ्याहून मूलगामी प्रश्न मात्र शेजारच्या पुरंदर तालुक्यात विचारला गेला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर माळरान जमीन पट्ट्याने घेतली, बांधबंदिस्ती केली, पायथ्याशी पाझर तलाव व विहीर केली आणि जेथे कुसळे उगवत तेथे धान्य पिकवून दाखवले. एवढ्यावर ते थांबते तर एका आदर्श शेताचे मालक म्हणून विसरले गेले असते. त्यांनी विचारले की साठलेले पाणी कोणाचे? त्यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीने त्याचे उत्तर असे दिले: पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटायचे. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल इतकेच. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. भूमिहीनालाही हिस्सा असेल. योजनेच्या खर्चाचा पाचवा भाग लाभधारकांनी स्वतः उचलायचा. आणि ऊस लावायचा नाही. २००२ मध्ये साळुंखे निवर्तले. त्यांच्या पाणी पंचायतीचा गौरव सर्वांनी केला, तिचे अनुकरण मात्र फार थोड्यांनी केले, याचे कारण वरच्या यादीतील शेवटच्या कलमात आहे, आणि माळेगावच्या कोणत्याही पारावर ते न विचारता कळेल.

उसाशी वैर मांडून या भागात बोलणे व्यर्थ आहे, आणि ते अन्यायाचेही आहे. कारण हमखास भाव आणि हमखास गिऱ्हाईक ज्या पिकाला आहे ते सोडून शेतकऱ्याने कशावर भरवसा ठेवावा, याचे उत्तर उपदेश करणाऱ्यांजवळ नसते. म्हणून उसाचीच तहान कशी कमी होईल, हा शोध येथे मन लावून चालला आहे. ठिबकने मुळापाशी थेंब थेंब पाणी दिले तर चाळीस टक्क्यांच्या आसपास बचत होते. ज्यांना ठिबक परवडत नाही त्यांना एक आड एक सरी भिजवता येते. तोडणीनंतर पाचट न पेटवता सरीत पसरले तर त्याच्या पांघरुणाखाली ओल टिकते, तण दबते आणि माती सुधारते. पाचटाला काडी लावण्याची सवय मोडावी म्हणून कृषी विज्ञान केंद्राने किती चर्चासत्रे घेतली असतील याची गणती नाही. अलीकडे उपग्रहाची छायाचित्रे आणि शेतातील संवेदक यांच्या मदतीने, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून उसाच्या पाण्याची वेळ ठरवून घेण्याचे प्रयोगही बारामतीत सुरू झाले आहेत. माळेगाव खुर्दला २००९ मध्ये स्थापन झालेली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था उथळ, मुरमाड, खडकाळ जमिनीत फळझाडे कशी जगवावी याचा अभ्यास करते. तिच्या कुंपणापासून उसाचे फड दूर नाहीत.

परंतु वाचलेले पाणी जाते कोठे, हा प्रश्न कोणी विचारला की संभाषण थबकते. ठिबकने एका एकरात पाणी वाचले आणि त्याच पाण्यावर दुसरा एकर ऊस उभा राहिला, तर शेतकऱ्याची प्राप्ती वाढली हे उत्तमच झाले. पण नदीला, विहिरीला किंवा इंदापुरातल्या शेपटाच्या गावाला त्यातला थेंबही मिळाला नाही. अशीच गुंतागुंत कालव्याच्या अस्तरीकरणाची. कालव्याला काँक्रीट केले की गळती थांबते आणि शेपटापर्यंत पाणी पोचते, हे हिशेबाने बिनचूक आहे. मात्र ती गळती म्हणजेच काठच्या शेकडो विहिरींचा झरा होय, आणि म्हणून अस्तरीकरणाचे नाव काढताच काठचा शेतकरी खवळून उठतो. एकाची नासाडी ती दुसऱ्याची मिळकत, असा हा पाण्याचा चमत्कारिक वहिवाटीचा हक्क दीडशे वर्षांत तयार झाला आहे, आणि तो सरकारी हुकमाच्या एका फटकाऱ्याने मोडता येईल असे समजणाऱ्याने आधी काठावर एक उन्हाळा काढावा.

धरणातील साठा रोज वर्तमानपत्रात छापून येतो. भाटघर किती टक्के, वीर किती टक्के, हे माळेगावच्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. परंतु गावाच्या स्वतःच्या जमिनीखाली किती पाणी आहे, याची नोंद गावाच्या दप्तरी क्वचितच सापडते. तिला खर्च येत नाही, यंत्र लागत नाही. एक दोरी, तिला बांधलेला दगड आणि चार ठरलेल्या विहिरी एवढे पुरते. नीरेकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीस विनंती अशी की, यंदाचा हस्त सरला की दसऱ्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत त्या चार विहिरींची पातळी मोजून मोठ्याने वाचून दाखवावी, ती चावडीच्या भिंतीवर तारखेसह लिहावी, आणि उसाच्या नव्या लागणीचे बोलणे त्यानंतर काढावे.